बाबांच्या लिव्हिंग विलचा कागद कुठल्या टेबलावर द्यायचा होता? आरोग्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि ज्या ज्या महापालिकेत, नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत हे पत्र कुणी वाचेल त्या सगळ्यांना,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मी आमच्या नगरपरिषदेत गेले होते. हातात माझं आणि आईचं लिव्हिंग विल, दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, झेरॉक्सचे तीन सेट, सगळं व्यवस्थित. आवक-जावकच्या टेबलावरच्या बाई बोलायला चांगल्या होत्या, त्यांनी कागद मागे-पुढे करून बघितला आणि म्हणाल्या, मॅडम मृत्युपत्र इथे घेत नाहीत, सब-रजिस्ट्रारकडे जा. मी म्हटलं हे मृत्युपत्र नाहीये, यात घराचं शेताचं काही नाही, मी शेवटच्या आजारात असेन आणि मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्यावर कुठले उपचार करायचे आणि कुठले नाहीत ते यात लिहिलंय, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे याची एक कॉपी इथल्या कस्टोडियनकडे ठेवायची असते. तर त्या म्हणाल्या, कस्टोडियन म्हणजे कोण?

हाच प्रश्न याच टेबलावर ऑक्टोबर २०२३ मध्ये विचारला गेला होता. तेव्हा माझ्यासोबत बाबा होते. आता बाबा नाहीत. खुलं पत्र लिहितेय कारण साधी दोन पत्रं पाठवून झाली, त्यांची पोचसुद्धा आली नाही.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर झाल्यावर पाचेक वर्षं छान गेली आणि मग दम लागायला लागला. तपासण्या झाल्या, फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार निघाला, डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सगळं खरं सांगितलं की हे मागे फिरणारं नाही, वेग कमी करता येईल तेवढंच. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांच्या एका मित्राला त्यांनी दोन महिने व्हेंटिलेटरवर बघितलं होतं, रोज काचेतून बघून घरी यायचे आणि जेवायचे नाहीत. त्यामुळे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलची पद्धत सोपी केल्याचं पेपरात आलं तेव्हा ते कात्रण त्यांनी कापून ठेवलं आणि मला म्हणाले, हे करून टाकू.

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, मराठीत. मला ते पाठ झालंय. 'माझी फुप्फुसं बरी होणार नाहीत हे मला समजलेलं आहे. श्वासाचा त्रास कमी करणारं औषध जरूर द्यावं. घशात नळी घालू नये, मशीनवर ठेवू नये. घाईत घातली गेलीच तर तीन दिवसांनंतर ठेवू नये. माझ्या मुलीने आणि मुलाने मिळून सांगावं.' खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि नोटरी. तो प्लास्टिकचा फोल्डर लाईट बिलांच्या वरच ठेवलेला असायचा, पटकन सापडावा म्हणून.

नगरपरिषदेत मात्र तो कागद कुणी घेतला नाही. तीन चकरा झाल्या. बाबांना जिना चढवत नव्हता, ते खाली बाकावर ऑक्सिजनचं छोटं मशीन घेऊन बसायचे आणि मी वर जायचे. तिसऱ्या वेळी मी खाली येऊन नाही म्हटलं तर ते म्हणाले, जाऊदे, तुम्हाला दोघांना माहितीये ना.

जुलै २०२४ मध्ये इन्फेक्शन झालं. रात्री दोन वाजता दादा त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेला, मी परगावी होते. इमर्जन्सीत नवीन डॉक्टर होते, त्यांना बाबांचं मागचं काही माहीत नाही, ऑक्सिजन खाली गेलेला, ते म्हणाले नळी घालावी लागेल सही करा, आणि दादाने केली. मी दादाला कधीच दोष दिला नाही, तिथे त्या वेळी उभं राहून मीही केली असती. डॉक्टरांनाही नाही देत. त्यांच्यासमोर कुठलाही कागद नव्हता आणि कागद खरा आहे का हे विचारायला जगात एकही जागा नव्हती.

पुढे १६ दिवस बाबा मशीनवर होते. पहिले काही दिवस ते शुद्धीवर यायचे आणि नळी ओढायचे म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेले असायचे. भेटायच्या वेळेत सिस्टर माझ्यासाठी उजवा हात सोडायच्या. मनगटावर घड्याळाची पांढरी पट्टी होती, वर्षानुवर्षं एकाच जागी घड्याळ घातल्याची, आणि बांधल्याचा लाल वळ बरोबर त्या पट्टीवर उठला होता. मी तिथे खोबरेल तेल लावायचे. बाबा माझा हात धरून स्वतःच्या नळीकडे न्यायचे. दोनदा नेला. तिसऱ्या दिवशीच मी फोल्डर घेऊन आले होते.

आता त्या फोल्डरचं काय झालं ते सांगते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

हॉस्पिटलच्या ऑफिसमधून पहिलं उत्तर आलं, इंग्रजीत भाषांतर करून आणा. एक दिवस गेला. मग, हे खरंच पेशंटनेच केलंय कशावरून, कस्टोडियनकडून व्हेरिफाय झालेलं लागेल. मंत्री महोदय, हे दुसरं उत्तर ऐकून मला राग आला होता पण नंतर मी २०१८ आणि २०२३ चे निकाल वकील मैत्रिणीसोबत बसून वाचले आणि कळलं की ते चुकीचं बोलत नव्हते. निकालात तसंच आहे. डॉक्टरांनी लिव्हिंग विल खरं आहे का हे पेशंटच्या डिजिटल आरोग्य नोंदीवरून किंवा कस्टोडियनकडून पडताळून घ्यायचं. म्हणजे कस्टोडियन ही पूर्ण साखळीची पहिली कडी आहे आणि आमच्याकडे ती कडीच नव्हती. मग मशीन काढायचं का हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचं, म्हणजे मेडिकल बोर्डाचं विचारलं तर आमच्याकडे असा बोर्ड कधी बसवलेला नाही असं सांगितलं. आणि शेवटी, कोर्टाची ऑर्डर आणा.

आयसीयूचे मोठे डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन म्हणाले, तुमचं म्हणणं मला पटतं, हे बरे होणार नाहीत, पण उद्या कुणी पोलिसात गेलं तर माझ्या मागे कोण उभं राहणार. मग म्हणाले, घरी न्यायचं असेल तर डामा करता येईल.

डामा म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाईस, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट नेतोय असं लिहून द्यायचं. ज्यांच्या घरातलं माणूस आयसीयूत गेलंय त्यातल्या बऱ्याच जणांना हा शब्द माहीत असेल. आपल्याकडे मशीन असंच बंद होतं, खोट्या कागदावर. डॉक्टरांचाच सल्ला असतो आणि आम्ही सल्ल्याविरुद्ध म्हणून सही करतो.

सोळाव्या दिवशी आम्ही सही केली. अॅम्ब्युलन्समध्ये मशीन काढलं आणि एका मुलाच्या हातात अॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी दिली, तो ४० किलोमीटर ती पिशवी हाताने दाबत आला. वय असेल २०-२२. घरी आणून बाबांना त्यांच्या कॉटवर ठेवलं, आई पायाशी बसली, आणि तो मुलगा पिशवी दाबतच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणालाच कळेना पुढे काय करायचं. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, ताई, आता थांबवू का?

सुप्रीम कोर्टाने जो निर्णय उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, मग त्यांच्यावर अजून तीन डॉक्टरांचं मंडळ अशा किमान सहा जणांनी मिळून घ्यावा असं सांगितलंय, तो माझ्या घरात एका अॅम्ब्युलन्सच्या मुलाने मला विचारला. मी हो म्हटलं. त्यानंतर बाबा चार तास धापा टाकत होते. श्वासाची ती तडफड कमी करायला मॉर्फिन असतं, ते आमच्याकडे नव्हतं, लिहून देणारं कुणी नव्हतं, कारण डामा घेतलेल्या पेशंटला हॉस्पिटल पुढचं काही देत नाही. बाबांनी कागदात पहिली मागणी काय लिहिली होती ते वर परत वाचा. त्रास कमी करणारं औषध जरूर द्यावं. मशीन नको ही त्यानंतरची गोष्ट होती. आम्हाला दोन्हीतलं एकही पाळता आलं नाही.

मी काय मागत नाहीये तेही स्पष्ट लिहिते, नाहीतर लोक म्हणतील ही बाई इंजेक्शन देऊन माणसं मारायला सांगतेय. सक्रिय इच्छामरण आपल्याकडे गुन्हा आहे, त्यावर चर्चा व्हावी की नाही हा वेगळा आणि मोठा विषय आहे, या पत्रात तो नाही. मी फक्त जो हक्क आधीच मिळालाय त्याबद्दल बोलतेय. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कॉमन कॉज खटल्यात सांगितलं की सन्मानाने मरण हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस आधी लिहून ठेवू शकतो. तेव्हा ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ती मिळवणं कुणालाच जमेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ते बदललं, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल केलं, बोर्डाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं म्हटलं, आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने कागद सांभाळायला एक सक्षम अधिकारी नेमावा म्हटलं. एक अधिकारी. एक कपाट आणि एक रजिस्टर.

आणि हे सगळं ज्या बाईमुळे देशात सुरू झालं ती आपल्याच राज्यात, परळच्या केईएममध्ये होती. अरुणा शानबाग, तिथल्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या, साडेएक्केचाळीस वर्षं. त्यांच्यासाठी लेखिका पिंकी विराणींनी केलेल्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला निकाल आला तेव्हा कोर्टाने अरुणाताईंसाठी नाही म्हटलं कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या सिस्टर्सना त्या जगायला हव्या होत्या, पण तिथूनच निष्क्रिय इच्छामरणाचा, म्हणजे उपचार थांबवून नैसर्गिक मरण येऊ देण्याचा दरवाजा पहिल्यांदा उघडला. त्या सिस्टर्सबद्दल मला प्रचंड आदर आहे, इतक्या वर्षांत त्यांनी अरुणाताईंना एक बेडसोर होऊ दिला नाही याची नोंद कोर्टाने घेतली. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच कधी कळू शकलं नाही. माझ्या बाबांनी तर लिहून ठेवलं होतं ना.

आमच्या महाराष्ट्राला हा विचार परकाही नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला ते गेले. ते त्यांचं व्रत होतं, तो वेगळा मार्ग, सगळ्यांनी तसं करावं असं मी अजिबात म्हणत नाही. एवढंच की आता पुरे म्हणणाऱ्या माणसाला जीवावर उदार झालेला न समजता त्याचं ऐकून घ्यायची सवय आपल्याकडे होती.

ज्यांना या सगळ्याची भीती वाटते त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमच्या घरातच दोन मतं होती, दादाला अजून वाटतं की अजून आठ दिवस थांबायला हवं होतं. लोक म्हणतात गरिबाच्या घरात बिलाला घाबरून मशीन काढतील, म्हाताऱ्यांच्या जमिनीसाठी सह्या घेतील, अपंग माणसाचं जगणं कमी मोलाचं ठरवतील. ही भीती खरी आहे. पण मला सांगा, हे आज होत नाहीये का? डामाच्या कागदावर कुठलं बोर्ड असतं? पेशंटला काय हवं होतं हे कोण विचारतं? आमचं रोजचं बिल ३५ हजार होतं आणि सही करताना ते माझ्या डोक्यात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कायदेशीर मार्गाने गेलो असतो तर मला सहा डॉक्टरांनी तपासलं असतं, माझ्या हेतूलाही. ते मला हवं होतं. तो मार्ग बंद ठेवल्याने गैरवापर थांबत नाही, तो फक्त लपून होतो.

मंत्री महोदय, माझ्या तक्रारी सरळ लिहिते.

एक, कस्टोडियन. मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले, त्यानंतर आधी मुंबईत आणि मग राज्यात ठिकठिकाणी कस्टोडियन नेमले गेले असं वाचलं, आनंद झाला. मग आमच्या टेबलावर ते का माहीत नाही? मी दोन तास बसून चौकशी केली तेव्हा कळलं की एका साहेबांचं नाव होतं बहुतेक, त्यांची बदली झाली. माणसाच्या नावाने नेमणूक केली की बदलीबरोबर ती जाते. आणि जे कागद तोवर आले असतील ते कुठल्या कपाटात आहेत?

दोन, दुसरं मेडिकल बोर्ड, म्हणजे वर सांगितलेलं अजून तीन डॉक्टरांचं मंडळ. निकालात लिहिलंय की जिल्ह्याच्या चीफ मेडिकल ऑफिसरने त्यात एक डॉक्टर नेमावा. आपल्याकडे जिल्ह्याला सिव्हिल सर्जन असतात आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) असतात, यातलं नेमकं कोण? मी दोन्ही ऑफिसात फोन केला, दोन्हीकडून दुसऱ्याचा नंबर मिळाला. शेजारच्या कर्नाटकने ३० जानेवारी २०२५ ला आदेश काढला, गोव्यात ३१ मे २०२४ ला हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये लाइफ सपोर्ट काढण्याच्या नियमांचा मसुदा काढून सूचना मागवल्या होत्या. आपण कुणाची वाट बघतोय? निकालच सांगतो की संसद कायदा करेपर्यंत हीच पद्धत लागू आहे.

तीन, भाषा. माझ्या बाबांना मराठीतच लिहिता येत होतं. महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलने मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा इंग्रजीत करून मागावी हे मला आजही सहन होत नाही.

चार, दुखणं कमी करण्याची सोय. २०१४ मध्ये एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात बदल करून मॉर्फिन मिळणं सोपं केलं, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते लिहून देणारा डॉक्टर मला सापडला नाही. केरळने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं धोरण २००८ मध्येच केलं, तिथे नर्स घरी येते. मशीन काढणं म्हणजे माणसाला सोडून देणं नव्हे, उलट त्या तासात त्याला सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं, आणि त्या तासात आमच्या घरात तो अॅम्ब्युलन्सवाला मुलगा सोडून वैद्यकीय म्हणावं असं कुणीच नव्हतं.

मागण्या याच्यातूनच येतात. कस्टोडियन पदाच्या नावाने नेमा, माणसाच्या नावाने नको, आणि प्रत्येक ऑफिसच्या बाहेर ते पद, टेबल आणि वेळ मराठीत लिहून लावा. कागद घेतला की इन्वर्ड नंबर आणि शिक्क्याची पोच द्या, आणि हॉस्पिटलला रात्री दोन वाजताही तपासता येईल अशी ऑनलाइन नोंद ठेवा, कारण माणसं ऑफिसच्या वेळेत सिरीयस होत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात दुसऱ्या बोर्डाच्या डॉक्टरांची यादी तयार ठेवा, ४८ तास म्हणजे ४८ तास. आयसीयू असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला, सरकारी आणि खाजगी, लेखी कळवा की ही पद्धत पाळणाऱ्या डॉक्टरच्या मागे सरकार उभं आहे, म्हणजे कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन बोलायची वेळ कुणावर येणार नाही. लिव्हिंग विलचा नमुना सोप्या मराठीत काढा. आणि मॉर्फिन आणि ते देणारं प्रशिक्षित माणूस निदान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असू द्या.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसे जवळपास लागत नाहीत, एक परिपत्रक लागतं.

आईचं वय आता ७४ आहे. तिने स्वतःहून मला सांगितलं की माझंही कर, बाबांसारखं नको. तिच्या कागदावर सही घेताना तिचा हात थरथरत होता म्हणून दोनदा पानं बदलावी लागली. तो कागद आणि माझा कागद घेऊन मी येत्या सोमवारी सकाळी अकराला परत त्याच टेबलावर जाणार आहे. आईला यायचंय, ती खाली बाकावर बसेल. मला दोन इन्वर्ड नंबर हवेत.

कळावे,
आपली नम्र,
नगरपरिषदेच्या तीन आणि एक अशा चार चकरा झालेली एक मुलगी